दोन देशांची पंगत

दिल्लीहून आलेले ते तरुण साहेब आमच्या दारच्या चबुतऱ्यावर बूट काढून बसले आणि म्हणाले, "महाराज, टेबलाला मानाची जागा असते, हाच सगळा घोळ आहे."

इकडे काशीत हिंदी बोलणारी मंडळी आचाऱ्याला महाराज म्हणतात. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही.

घोळ असा होता. आपल्यासारखेच गोऱ्या साहेबाच्या तावडीतून नुकते सुटलेले दोन देश. एकमेकांचे शेजारी, आणि एका नदीच्या पाण्यावरून भांडण. आपल्या सरकारनं दोघांच्याही बड्या माणसांना बोलावलं, की या, बसा, बोला. पण दिल्लीत पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर यजमानाच्या उजव्या हाताला कोण बसणार यावर अडलं. एकाचं डोकं दुखायला लागलं, दुसऱ्याला ताप आला, आणि दोघंही आपापल्या खोलीत जेवले. आता त्यांना सारनाथ आणि गंगा दाखवायला काशीत आणायचं होतं. दुपारचं जेवण कुठे आणि कसं द्यायचं, ही त्या साहेबांची काळजी. मग आमच्या जिल्ह्याच्या डीएम साहेबांना, म्हणजे कलेक्टरांना, आठवलं, की ब्रह्मा घाटावर महाराष्ट्रातल्या लोकांकडे एका मुंजीत आपण जमिनीवर बसून जेवलो होतो आणि तिथे टेबल नव्हतं.

म्हणून साहेब माझ्या दारात.

मी शाळेत फार टिकलो नाही. वडिलांनी वेदपाठशाळेत घातलं, तिथेही गुरुजींशी पटलं नाही. मला सही येते, पंचांग वाचता येतं, आणि वर्तमानपत्र मी रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. बाकी माझी विद्या चुलीची. आमचे पूर्वज पेशवाईतल्या कुणा सरदाराबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि ब्रह्मा घाटापासून बालाजी घाटापर्यंत कुणाकडेही मुंज, लग्न, श्राद्ध असो, मोठ्या पंगतीचा स्वयंपाक माझ्या हातचा. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. होतं तसं लिहितो.

तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आजच्या पोरांना कळायचं नाही, पण त्या काळात परदेशातला कुणी पाहुणा आला तर आम्हाला आपल्याच घरी सोयरे आल्यासारखं वाटायचं. चहाच्या अड्ड्यावर नावाडी आणि पंडे यांचीसुद्धा भांडणं व्हायची, की आपण कुणाच्या गोटात जावं. सरकार म्हणत होतं, कुणाच्याच नाही, सगळ्यांशी दोस्ती. एक पानवाला रोज म्हणायचा, "गुरू, दोन्ही बाजूंचं खाऊन दोन्ही बाजूंना शिव्या देता आल्या पाहिजेत, मग खरं स्वातंत्र्य." त्याचं काही सरकारनं ऐकलं नाही.

तर मी साहेबांना म्हटलं, "पंगतीलासुद्धा सुरुवात असते. वाढपी एका टोकाकडून येतो. पहिल्या पानावर कोण?"

साहेबांचा चेहरा पडला. "हे तर डीएम साहेब बोलले नव्हते."

"त्यांना काय माहीत? त्यांना सुरुवातीलाच बसवलं होतं."

मग मीच तोड काढली. समोरासमोर दोन पंगती, मधे वाढायला वाट. एकीत एक पाहुणा, दुसरीत दुसरा, दोघंही बरोबर मध्यावर, तोंडासमोर तोंड. वाढपी दोन. दोघं एकाच वेळी निघणार, एकाच चालीनं चालणार, आणि दोन्ही पानांवर मीठ एकाच क्षणी पडणार. साहेबांनी माझा हात धरला. म्हणाले, "महाराज, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." मी म्हटलं, "बोलावलं नाही कुणी."

जागा ठरली बालाजी घाटाजवळच्या धर्मशाळेचा चौक. पण बातमी फुटली आणि मोहल्ल्यात कुरबुर सुरू झाली. आमच्याकडे एक शास्त्रीबुवा होते, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. त्यांनी मला भर गल्लीत अडवलं.

"काय रे, आता परदेशी लोकांना पाटावर बसवून वाढणार तू? काय खातात, काय पितात ते तरी विचारलंस का?"

"बुवा, इंग्रज गेला त्या दिवशी तुम्ही पेढे खाल्लेत ना?"

"खाल्ले. मग?"

"त्यांचाही इंग्रजच गेलाय. ते बिचारे पेढे खायला आपल्या दारी येतायत."

लोक हसले. बुवा हसले नाहीत. म्हणाले, "जेवतील आणि नाकं मुरडून उठतील. आपल्या जेवणाची आणि आपली शोभा होईल. मग काय करशील?"

आणि इथे मी ते बोललो, जे बोलायची काही गरज नव्हती, असं आमची बायको आयुष्यभर म्हणत राहिली. मी म्हटलं, "माझ्या पंगतीतून एक जरी पाहुणा नाराज उठला, तर झारा पुन्हा हातात धरणार नाही. विश्वनाथाची शपथ."

काशीत ही शपथ मागे घेता येत नाही. रात्री ही मला म्हणाली, "झारा ठेवलात तर करणार काय तुम्ही? दुसरं येतं काय?" मी कुशीवर वळून झोपलो. दुसरं काहीच येत नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

जेवणाच्या आदल्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. सज्जन माणूस, पण भित्रा. परदेशी पोटाला काय सोसत नाही हे त्यांना तोंडपाठ. पाणी उकळलेलं हवं. ठीक. कच्ची कोशिंबीर नको. मी कुरकुरलो, पण ठीक. मग म्हणाले, ताक नको.

"ताक नको म्हणजे?"

"कच्चं पाणी, कच्चं दही. सकाळी पोट बिघडलं तर वर्तमानपत्रात येईल."

मी खूप वाद घातला. जिलबीबरोबर मठ्ठा नाही आणि शेवटी ताकभात नाही, हे कसलं जेवण? पण दिल्लीचे साहेब हात जोडून मधे पडले. त्यांची नवी नोकरी, नवं लग्न. मी म्हटलं, बरं, जाऊ द्या ताक. त्या वेळी वाटलं, एक पदार्थ गेला. एक पदार्थ नव्हता तो, जेवणाचं दार होतं, आणि ते आम्ही भिंत घालून बंद केलं हे दुसऱ्या दिवशी कळलं.

थंडीचे दिवस होते, गंगेवरून छान ऊन येत होतं. पाहुणे नावेतून घाटावर उतरले. एकांच्या डोक्यावर उंच टोपी होती, दुसऱ्यांच्या नाकावर जाड काड्यांचा चष्मा. मी मनात त्यांना टोपीवाले आणि चष्मेवाले अशीच नावं दिली. बरोबर दोघांचीही चार-सहा माणसं. आमच्या बायकांनी पानांभोवती रांगोळी घातली होती. टोपीवाल्यांनी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून लंगडीच घातली, ते मला आवडलं.

पहिली अडचण पाटाची. चष्मेवाले अंगानं भरलेले, पँट घट्ट, त्यांना खाली बसता येईना. मी पाटावर दुसरा पाट ठेवला. साहेब कानाशी आले. "महाराज, त्यांना दोन पाट तर यांनाही दोन पाहिजेत. नाहीतर एक उंच, एक खाली दिसतो." बरोबर होतं. मग टोपीवाल्यांनाही दोन. मग त्यांच्या माणसांना एक कसा? सगळ्यांना दोन. मोहल्ल्यात घरोघरी माणसं धावली, कुणाकडून चौरंग आले, कुणाकडून देवघरातले पाट. शेवटी सगळे डुगडुगत्या दोन-दोन पाटांवर बसले आणि डॉक्टर एकदा मागे कलंडले. त्यावर दोन्ही देश एकदमच हसले. दिल्लीचे साहेब मला खुणेनं म्हणाले, बघा, सुरुवात झाली.

वरच्या मजल्याच्या कठड्याशी शास्त्रीबुवा येऊन बसले होते. जेवायला बोलावलं तर आले नाहीत, पण बघायला आले.

वाढायला मी आणि माझा मेहुणा. आदल्या संध्याकाळी आम्ही रिकामी पातेली घेऊन चालीची तालीम केली होती. मीठ, लिंबू, चटणी, बटाट्याची भाजी, मटाराची उसळ, आणि मग भाताची मूद, वरण, तुपाची धार. दोन्ही बाजूंना एकाच वेळी. चष्मेवाले आधी समोर बघायचे, टोपीवाल्यांच्या पानावर काय पडलं, मग आपल्याकडे. तिकडे टोपीवालेही तेच. तुपाची धारसुद्धा मी डोळ्यात तेल घालून सारखी धरली. तिकडे थेंब जास्त पडला असता तर नदीचं भांडण तुपावर आलं असतं.

पण जेवले हो! बटाट्याची भाजी दोघांनी परत मागितली. मसालेभात आला तेव्हा टोपीवाल्यांनी काहीतरी म्हटलं, साहेबांनी हिंदीत सांगितलं, "म्हणतायत, यांच्या आजीच्या हातचा वास आहे." मी वर कठड्याकडे पाहिलं. बुवांनी गंगेकडे पाहिल्यासारखं केलं.

मग जिलबी. आमच्याकडे जिलबीचा आग्रह कसा होतो ते मराठी वाचकाला सांगायला नको. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून सोडायची. पाहुणे पहिल्यांदा दचकले, मग रंगले. पुन्हा जिलबी फिरली, पुन्हा फिरली. हळूहळू सगळ्यांचे घास मंद झाले, मग थांबले. आणि कुणी उठेना.

मेहुणा माझ्याजवळ आला. "भाऊजी, आता काय वाढू?"

"जिलबी."

"आता जिलबी बघून ते घाबरतात."

"मग भात फिरव."

"जिलबीनंतर परत भात?"

"मग काय वाढणार, डोकं? काहीतरी घेऊन फिर!"

आमची रीत अशी, की पानावर माणूस बसलेला आहे तोवर वाढप्यानं रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही. तो अपमान. आणि जेवण संपल्याची खूण म्हणजे ताकभात. ताकभात झाला की वाढपी थांबतो, थोर माणूस आचवायला उठतो, पंगत उठते. आता ताकच नव्हतं. आम्हाला थांबायला खूण नाही, त्यांना उठायला खूण नाही. मेहुणा भात घेऊन फिरला, मी पुऱ्या घेऊन फिरलो. पाहुणे एकेक शीत, एकेक तुकडा तोंडात टाकायचे, माझ्याकडे बघायचे, आणि परत बसून राहायचे.

साहेब वाकून कुजबुजले, "महाराज, आता बंद करा."

"माणूस पानावर आहे साहेब. बंद कसं करू?"

"पण तुम्ही वाढताय म्हणून ते बसलेत!"

"ते बसलेत म्हणून मी वाढतोय."

"मग उठणार कसे?"

"ताकभात झाला की."

"तर मग आणा ना ताकभात!"

"डॉक्टरसाहेबांना विचारा."

डॉक्टर पलीकडेच जिलबीनं लाल होऊन बसले होते. त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

साहेबांना घाम फुटला. सारनाथला जायच्या गाड्या केव्हाच्या उभ्या होत्या. ते मला म्हणाले, "मला माहीत आहे काय झालंय. पहिला उठेल तो खालचा ठरेल, म्हणून दोघंही उठत नाहीत. इथंही तेच टेबल आलं." मलाही तसंच वाटलं. मला वाटलं, ही पंगत संध्याकाळपर्यंत चालणार, माणसं आजारी पडून उठणार, नाराज उठणार, आणि मी उद्यापासून घाटावर बसून माशा मारणार. वर बुवा आता कठड्यावर पुढे झुकले होते.

तेवढ्यात टोपीवाले माझ्याकडे बोट करून साहेबांशी काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. चष्मेवाले ऐकत होते, आणि मधेच त्यांनीही मान डोलावून भर घातली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, हा माणूस कधी जेवणार."

"मी? त्यांचं झाल्यावर. पाहुणे उठल्याशिवाय आचारी खातो का कुठे?"

साहेबांनी ते सांगितलं. दोन्ही पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि टोपीवाल्यांनी मांडीवर थाप मारली.

"महाराज," साहेब म्हणाले, "यांच्याकडे ज्यानं रांधलं त्यानं पाहुण्यांसमोर त्याच भांड्यातलं खाल्ल्याशिवाय पाहुणा उठत नाही. उठला तर त्याचा अर्थ, तुझ्या अन्नावर आमचा भरवसा नाही. आणि चष्मेवाले म्हणतात, आमच्याकडेही हेच. दोघंही मघापासून तुमची वाट बघत बसलेत."

म्हणजे कुणी कुणाशी अडून बसलं नव्हतं. दोन्ही शेजाऱ्यांची रीत एक, आणि आमची बरोबर उलटी. ते माझ्यासाठी थांबलेले, मी त्यांच्यासाठी.

"मग बसा की आता," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "नाही."

खरंच म्हटलं. आजही सांगतो, मला ते चूक वाटत नाही. माझ्या वडिलांनी, आजोबांनी कधी पाहुण्यांच्या पंगतीत पान मांडून घेतलं नाही. शेवटचा माणूस जेवला की आपण, हीच आमची ऐट. वरून सगळा मोहल्ला बघतोय, शास्त्रीबुवा बघतायत, आणि मी पाहुण्यांसमोर मांडी घालून खाऊ? साहेब हात जोडायला लागले. डीएम साहेबांचा चपराशी समजावू लागला. मी झारा धरून खांबासारखा उभा.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या हिचा आवाज आला. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

"अहो, दोन राष्ट्रं खोळंबलीत तुमच्यासाठी! आणखी किती मान हवाय? बसा!"

पाहुण्यांत कुणाला मराठी कळत नव्हती तरी सगळ्यांना कळलं. मेहुण्यानं मधल्या वाटेतच पत्रावळ टाकली. मी बसलो. पाट उरला नव्हता, फरशीवर बसलो. वाटलं, एक घास खाऊ, आचमन करू, सुटू.

पण वाढायला मेहुणा पुढे आला, तर टोपीवाल्यांनी त्याच्या हातातली जिलबीची परात काढून घेतली. उठले, दोन पाटांवरून सांभाळत उतरले, आणि माझ्या पानावर जिलब्या घातल्या. मूठभर. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं. ते एवढे जड, पण धडपडत उठले, आणि दुसरी परात धरली. मी दोन्ही हात आडवे धरले. त्यांनी बोटांच्या फटीतून सोडली. कुणाकडून शिकले, ते चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी "बस, बस" म्हणतोय, आणि दोन्ही देश माझ्यावर वाकून उभे. एकानं एक घातली की दुसऱ्यानं दोन. डॉक्टर पोट धरून हसत होते. चष्मेवाल्यांनी टोपीवाल्यांना काहीतरी म्हटलं, टोपीवाल्यांनी माझं एक मनगट धरलं आणि चष्मेवाल्यांनी मोकळ्या पानावर वाढलं. ही त्यांची पहिली युती. मला वाटतं, आपल्या देशाच्या इतिहासात तिची कुठे नोंद नाही.

मी जिलब्या संपवल्या. पानात टाकायचं नाही, ही माझी दुसरी रीत, ती तरी राखली. वर पाहतो तर दोन्ही पाहुणे उभे, त्यांची माणसंही उठलेली. पंगत उठली होती. कोण आधी उठलं हे बघायचं साहेब विसरूनच गेले होते, आणि त्यांच्या खात्यात नंतर त्याची विचारणा झाली म्हणे. त्यांनी "एकाच वेळी" असं कळवलं. हुशार माणूस, पुढे मोठा झाला.

पाहुण्यांनी हात धुतले, विडे घेतले, आणि जाताना टोपीवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती इतकी जोरात, की सगळ्या जिलब्या घशाशी आल्या. दोघं बोलत बोलत घाटाच्या पायऱ्या उतरले. नदीचं भांडण मिटलं, असं मी लिहिणार नाही. वर्तमानपत्रात पुढेही बरीच वर्षं ते येतच राहिलं. पण भांडण आलं की मी घरात मोठ्यानं वाचायचो आणि म्हणायचो, यांच्यातल्या एकानं माझं मनगट धरलं होतं.

गर्दी पांगली तेव्हा शास्त्रीबुवा काठी टेकत खाली आले. मी अजून पानावरच बसून होतो, उठायची ताकद नव्हती. बुवांनी उष्ट्या पत्रावळी पाहिल्या, परात पाहिली, मग माझ्याकडे.

"काय रे, पाहुणे खूश गेले म्हणायचे."

"गेले ना?"

"गेले. पण शपथ काय होती? पंगतीतून एकही माणूस नाराज उठता कामा नये. तू तर अजून उठलाही नाहीस, आणि तोंड कसं झालंय बघ."

"मी पाहुणा नव्हतो बुवा."

"दोन देशांनी वाढलं तुला. पाहुणाच की."

"बुवा, मी नाराज नाहीये. पोट भरलंय."

"मग ऊठ आणि दाखव."

मी मेहुण्याचा हात धरून उठलो. हिनं आतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बुवा परातीकडे वाकले, तळाशी पाकात एक मोडकी जिलबी राहिली होती, ती उचलली, आणि तोंडात टाकत म्हणाले, "परवा माझ्या नातवाची मुंज आहे. लवकर ये. आणि ताक घुसळलेलं हवं."